खुब्याला पॅड लावायचं की नाही?

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहते आणि सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. रोज ३५० सीसीच्या बाइकवरून जाते-येते. अधूनमधून रविवारी आमचा ग्रुप वणी, सापुतारा नाहीतर भावलीकडे जातो. जुलैत त्र्यंबक रोडवर चिखलावरून चाक सटकलं आणि मी गाडीसकट उजव्या बाजूवर आडवी झाले. वेग फार नव्हता. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळं होतं, खाली मात्र साधी जीन्स होती. हाड मोडलं नाही, पण उजव्या खुब्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. दोन महिने होत आले तरी तिथे मऊसर सूज आहे. आता रायडिंग पॅन्ट घेतली आहे. तिच्यात गुडघ्याचे पॅड आले, खुब्याचे खिसे रिकामेच आहेत. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, हिप पॅड कोणी लावत नाही, नुसतं जाड दिसतं.’ ग्रुपमधला एक दादा म्हणतो, लावायलाच हवेत. त्याचे पॅड माझ्या पॅन्टमध्ये घालून पाहिले, तर बसल्यावर ते मागे सरकतात आणि कंबर खरंच रुंद दिसते. तसं ऑफिसात जायला संकोच वाटतो. पैसे घालावेत का? आणि धाकटी बहीण कधी कधी मागे बसते, तिलाही लागतील का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, पॅडच्या आधी त्या सुजेचं बोलू. दोन महिन्यांनंतरही मऊ सूज राहिली असेल तर तो नुसता मुका मार समजून सोडून देऊ नका. बाजूवर आपटून फरफटल्यावर कधी कधी कातडी आणि तिच्याखालचा चरबीचा थर आतल्या घट्ट पडद्यापासून सुटतो, आणि मधल्या पोकळीत रक्त-पाणी साठत राहतं. डॉक्टर त्याला मोरेल-लाव्हाले इजा म्हणतात. खुब्याची बाहेरची बाजू ही तिची नेहमीची जागा. वरून फक्त डाग दिसतो, पण दाबलं की खाली पाणी हलल्यासारखं लागतं, आणि तिथली कातडी थोडी बधिरही वाटते. तुम्हाला तेच झालं आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण ते सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये कळतं. लवकर कळलं तर दाबाचा पट्टा बांधून किंवा साठलेलं पाणी काढून बऱ्याचदा भागतं. जुनं झालं की भोवती पिशवी धरते आणि उपचार लांबतात. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर तिथे चोळायचं नाही.

आता पॅड. घ्या, असंच मी सांगेन. मात्र पैसे मोजण्याआधी तो पॅड गाडीवर बसल्यावर कुठे जातो ते बघायचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘बसल्यावर ते मागे सरकतात’ हे आहे. दिसण्याचा आणि किमतीचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच निराधार नाही. युरोपात ९२१ दुचाकी अपघातांचा ‘मेड्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३२ टक्के इजा पायांना झालेल्या होत्या. पण पाय म्हटलं की त्यात गुडघा, नडगी आणि घोटा यांचा वाटा मोठा. कमरेचा आणि खुब्याचा भाग त्या मानाने बराच मागे राहतो. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी बूट आणि गुडघ्याचे पॅड, मग खुब्याचे, हा क्रम मलाही पटतो. तुमच्याकडे गुडघ्याचे पॅड आले आहेत. बूट घोट्याच्या वर येणारे असतील तर पुढचा नंबर खुब्याचाच आहे.

तुमचं पडणं कसं झालं ते बघा. चाक सटकलं, गाडी बाजूला झोपली, तुम्ही तिच्याबरोबर आडव्या झालात. आपल्याकडे पावसाळ्यात हे असंच होतं. दिंडोरी-वणी रस्त्यावर शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पसरते आणि पहिल्या सरीत तिचा राडा होतो. घाटात शेवाळलेली कड असते, शहरात सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्या असतात. अशा पडण्यात शरीराला दोन वेगवेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतात. एक, वरून खाली आपटणं. दुसरी, पुढे फरफटत जाणं. पुढचा वेग ताशी ३० असो की ७०, सीटच्या उंचीवरून खाली येणारं शरीर जमिनीवर साधारण त्याच जोराने आपटतं. ८० सेंटिमीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगात असते, म्हणजे ताशी १४ किलोमीटर. हा दणका पॅड घेतो. फरफट कापड घेतं. गाडीने तुम्हाला वर उडवलं तर गोष्ट वेगळी, पण साध्या घसरण्यात हिशोब एवढाच आहे.

म्हणून ‘मी शहरातच चालवते, वेग कमी असतो, मला पॅड कशाला’ हे म्हणणं खुब्याच्या बाबतीत टिकत नाही. उलट सावकाश पडताना हात पुढे टाकायला वेळच मिळत नाही. गाडी जागेवर कलंडते, पाय खाली सापडलेला असतो, आणि माणूस थेट बाजूवर येतो. सातपूरच्या कंपन्यांच्या गेटपाशी वळणावर सांडलेली खडी आणि तेल रोज तुमच्या समोर असणारच.

बाजूवर आलं की नेमकं काय आपटतं? मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगाला एक टणक उंचवटा असतो. त्याच्यावर स्नायूचं फारसं पांघरूण नसतं. नितंबाला मागे भरपूर मांस असतं, पण बाजूला हाड कातडीच्या अगदी जवळ येतं. सगळा भार त्या लहानशा जागेवर येतो. पॅडचं काम दोन प्रकारचं असतं : दणका थोडा लांबवायचा, आणि तो उंचवट्यावर एकवटू न देता आजूबाजूच्या मांसावर पसरवायचा. यासाठी पॅड त्या उंचवट्यावरच असायला हवा. तो तीन बोटं मागे गेला तर हाड उघडं पडतं आणि पॅड नितंबाच्या मांसाला गादी देत बसतो.

तो उंचवटा स्वतः शोधून काढा. डावी बाजू दुखत नाही, तेव्हा तिथेच करा. उजव्या पायावर वजन टाकून उभ्या राहा. डावा तळहात डाव्या बाजूला, पॅन्टची शिवण जाते तिथे, कमरेच्या हाडाच्या साधारण तळहातभर खाली ठेवा. आता डावी टाच जमिनीला टेकवून चवडा आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली एक गाठ पुढे-मागे सरकताना लागेल. तीच जागा. पॅन्ट घालून, खिशात पॅड सरकवून गाडी मधल्या स्टँडवर घ्या, तुम्ही नेहमी बसता तशा बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि तीच गाठ पुन्हा चाचपा. पॅन्टवर तिथे शिंप्याच्या खडूने गोल करा. पॅड त्या गोलाच्या चारही बाजूंना दोन-दोन बोटं तरी पुढे यायला हवा. नंतर तळहात पॅडवर दाबून जोरात गोल-गोल चोळा. हाताने जो पॅड हाडावरून सरकतो, तो रस्त्यावरही सरकणार.

बायकांच्या बाबतीत ही अडचण हमखास येते, आणि दुकानात कोणी ती सांगत नाही. बऱ्याच रायडिंग पॅन्ट पुरुषी कटच्या असतात. कंबर आणि नितंब यांत फरक कमी धरलेला असतो. आपल्याला मांडीत बसेल अशी घ्यायची तर कमरेत ढगळ होते, मग पट्टा आवळतो, कापडाला चुण्या पडतात आणि खिसा मागे ओढला जातो. तुमच्याकडे हेच झालं असावं. त्यात तो पॅड दादाच्या मापाचा. त्याच्यावरून निकाल लावू नका.

यावर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे आहे त्या पॅन्टचा खिसा हलवणं. आतला खिसा जाळीचा असतो आणि अस्तराला शिवलेला किंवा व्हेल्क्रोने लावलेला असतो. व्हेल्क्रो असेल तर पुढे घेऊन पुन्हा खडूचा गोल जुळवा, पाच मिनिटांचं काम आहे. शिवलेला असेल तर भद्रकालीत किंवा तुमच्या घराजवळ जीन्सची कामं करणारा शिंपी असेल त्याच्याकडे पॅन्ट अंगात घालून जा, गोल दाखवा आणि खिसा उसवून पुढे लावून घ्या. मागच्या अंगाला कंबरही बसवून घ्या. शिंप्याला एक गोष्ट ठासून सांगा : शिलाई फक्त अस्तराला घालायची, बाहेरच्या कापडातून सुई जाऊ द्यायची नाही. बाहेरच्या कापडाला टाके पडले की ते तिथेच फाटायला सुरुवात होते, आणि वॉटरप्रूफ थर असेल तर पाणीही तिथूनच शिरतं.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त बरी वाटते. पॅड असलेली अंगाबरोबर बसणारी शॉर्ट्स मिळते. ती आत घालायची आणि वरून पॅन्ट. ती अंगाला धरून असते, त्यामुळे बसा, उठा, फूटरेस्टवर उभ्या राहा, पॅड हाडावरून हलत नाही. जागच्या जागी राहण्यात सैल पॅन्टच्या खिशापेक्षा ही सरस. घेताना एवढं बघा की बाजूचा पॅड प्रमाणित आहे. काही शॉर्ट्समध्ये सीटवर आराम मिळावा म्हणून फोम असतो, सायकलवाले वापरतात तसा. त्याचा पडण्याशी काही संबंध नाही. काहींमध्ये माकडहाडावरही पॅड येतो. मातीच्या ट्रेलवर मागे पडणाऱ्यांना तो उपयोगी आहे, पण सापुताऱ्यापर्यंत बसून जाणाऱ्याला तो टोचतो. काढता येत असेल तर काढा.

‘प्रमाणित’ म्हणजे काय ते पॅडवरच वाचता येतं. चांगल्या पॅडवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र कोरलेलं असतं, शेजारी ‘ईएन १६२१-१’ हा युरोपीय मानकाचा क्रमांक, खुब्यासाठी इंग्रजी ‘एच’ हे अक्षर, मापासाठी ‘ए’ किंवा ‘बी’, आणि लेव्हल १ किंवा २. गुडघ्याचं अक्षर ‘के’ असतं, तेव्हा गुडघ्याचे जास्तीचे पॅड खुब्याच्या खिशात कोंबू नका, आकार बसत नाही. यातलं काहीच नसेल आणि पॅड दोन बोटांत चिमटीत धरल्यावर पार चपटा होत असेल, तर तो साधा स्पंज आहे. तो जाडी वाढवतो, दणक्याला थांबवत नाही. रिकाम्या खिशात भरायला म्हणून असे स्पंजाचे तुकडे मिळतात, त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका. पॅन्टच्या लेबलावर नुसतं ‘सीई’ (युरोपीय मानकांची खूण) असेल तरी तो शिक्का पॅन्टचा आहे की फक्त आतल्या गुडघ्याच्या पॅडचा, हे विचारा. हेल्मेटला आपल्याकडे आयएसआयची सक्ती आहे, कपड्यांना नाही. त्यामुळे ही विचारपूस आपल्यालाच करावी लागते.

तुमचे खिसे रिकामे का, याचं उत्तरही लेबलावर सापडेल. कपड्यांचं युरोपीय मानक ‘ईएन १७०९२’ आहे आणि त्यात वर्ग असतात. सगळ्यात वरच्या ‘एएए’ वर्गात खुब्याचे पॅड सक्तीचे आहेत, ‘ए’ वर्गात नाहीत. हलक्या, उन्हाळी, जाळीच्या पॅन्ट बहुतेक ‘ए’ वर्गातल्या असतात. कंपनी खिसा शिवून देते, पॅड तुमच्यावर सोडते.

आता लेव्हलचं. या चाचणीत पॅड एका कठीण ऐरणीवर ठेवून त्यावर ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडतात, म्हणजे ५० जूल ऊर्जा. पॅडमधून पलीकडे जाणारा जोर सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, २० च्या आत राहिला तर लेव्हल २. ३५ किलोन्यूटन म्हणजे साडेतीन टनांचा भार. आणि प्रयोगशाळेत बाजूवर पडल्यासारखा भार दिला, तर वृद्ध माणसाचं मांडीचं हाड ३-४ किलोन्यूटनला मोडतं, तरुणाचं त्याच्या दुपटीच्या आसपास. हे आकडे शेजारी ठेवले की पॅड कुचकामी वाटतो. पण चाचणीच्या ऐरणीला मांस नसतं, चरबी नसते, ती जराही दबत नाही. आपल्या अंगाचे हे थर दणक्याचा बराचसा भाग आधीच खातात. म्हणून ३५ चा आकडा सरळ हाडाला लावता येत नाही. पण दोन पॅडची तुलना करायला तो चोख आहे : लेव्हल २ मधून लेव्हल १ पेक्षा खूप कमी जोर पलीकडे जातो. खुबा ही मोडल्यावर महिनोन्‌महिने घरी बसवणारी जागा आहे. तिथे मी लेव्हल २ च घेईन. मात्र लेव्हल २ जाड म्हणून तुम्ही तो घरी ठेवून जाणार असाल, तर लेव्हल १ घ्या आणि रोज घाला.

हे मी सहज म्हणत नाही. पडून खुबा मोडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी अशाच पॅडच्या चड्ड्या निघाल्या, आणि त्यांच्यावर बरेच अभ्यास झाले. वृद्धाश्रमांत, जिथे कोणीतरी त्या घालून देतं, तिथे थोडा फायदा दिसला. घरी राहणाऱ्यांमध्ये जवळजवळ नाही. एक मोठं कारण असं की लोक त्या घालतच नव्हते : उकडतं, टोचतं, कसंतरी दिसतं. तुमच्या पत्रात तीच कारणं आहेत, आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही.

दिसण्याचा संकोच खरा आहे. कारखान्याच्या गेटपासून क्वालिटीच्या टेबलापर्यंत चार जणांच्या नजरा आपल्यावर येतात, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. त्यावर सोपा उपाय असा की रायडिंग पॅन्ट ही ऑफिसची पॅन्ट समजूच नका. बाजूला पूर्ण लांबीची चेन असलेली ओव्हरपॅन्ट मिळते. ती ऑफिसच्या कपड्यांवरून चढवायची, पार्किंगमध्ये दोन मिनिटांत उतरवायची आणि बॅगेत किंवा लॉकरमध्ये ठेवायची. बूट न काढता निघते. आत तुमची नेहमीची पॅन्ट असते, कोणाला काही दिसत नाही. नवीन काही घ्यायचं नसेल तर आत्ताची पॅन्ट रविवारसाठी ठेवा आणि रोजच्यासाठी रायडिंग जीन्स बघा. तिच्यात ‘ए’ मापाचा लहान, पातळ लेव्हल १ पॅड बसतो आणि वर लांब कुर्ता आला की ओळखूही येत नाही. पॅड जितका लहान, तितका तो अचूक जागी हवा. खडूचा गोल इथे पुन्हा कामाला येईल.

उकाड्याचंही बघा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि ट्रॅफिकमध्ये इंजिनची धग मांडीवर येते. काही मऊ पॅड उष्णतेने आणखी मऊ पडतात आणि त्यांची ताकद घटते. याच मानकात ४० अंशांवरची एक वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे. ती पास झालेल्या पॅडवर ‘टी+’ अशी खूण असते. आपल्या हवेसाठी मी ती खूण शोधूनच घेईन. भोकं असलेले पॅड हवा खेळू देतात. पॅन्ट धुताना पॅड काढून ठेवा, उन्हात वाळवू नका, आणि पार्किंगच्या उन्हात टाकीवर टाकूनही ठेवू नका. दणका खाल्लेल्या पॅडला चीर पडली असेल किंवा तो कडक झाला असेल तर बदला.

पॅडइतकंच, माझ्या मते पॅडपेक्षा थोडं जास्तच, महत्त्व वरच्या कापडाला आहे. घासण्याच्या यंत्रावर साधी सुती डेनिम एक सेकंदही धड टिकत नाही. म्हणजे साध्या जीन्सखाली पॅडची शॉर्ट्स घातली तर आपटणं वाचेल, पण पुढच्या फरफटीत जीन्स फाटेल आणि मांडी-गुडघ्याची सालं निघतील. त्र्यंबक रोडला तुम्ही चिखलावर घसरलात म्हणून कातडी वाचली. कोरड्या डांबरावर चित्र वेगळं असतं. तेव्हा शॉर्ट्स घेतली तरी वर रायडिंगचीच पॅन्ट किंवा जीन्स हवी.

खिसेही आजपासून रिकामे करा. घराच्या किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, कंपनीचं कार्ड अडकवायचा धातूचा क्लिप, हे सगळं आपण नेमकं त्या उंचवट्यावरच्या खिशात ठेवतो. बाजूवर पडलात की पॅडच्या आधी तेच रुततं. किल्ल्या बॅगेत, मोबाइल जॅकेटच्या छातीच्या खिशात टाका.

हा पॅड काय करू शकत नाही, तेही ऐका, म्हणजे त्याच्यावर नको तेवढा भरवसा बसणार नाही. समोरून धडक झाली की शरीर पुढे सरकून ओटीपोट पेट्रोलच्या टाकीवर आदळतं. त्यात कमरेच्या हाडांचं कडं पुढून उघडू शकतं. बाजूचा पॅड तिथे काहीच करत नाही. गुडघा समोर आपटून मांडीचं हाड मागे ढकललं गेलं, तर खुब्याचा सांधा निखळतो, त्यातही नाही. कसारा घाटात कंटेनरच्या शेजारून घुसण्याच्या नादात जे होतं त्याला कुठलाच पॅड पुरत नाही. आणि पुढे कधी पडून उभं राहता येईना, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर कोणालाही पाय ओढू देऊ नका, उभं करू देऊ नका. १०८ ला फोन लावायला सांगा.

ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष अपघात झालेल्या स्वारांचे कपडे तपासले होते. रायडिंगची पॅन्ट आणि जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं, आणि पॅड बसवलेले असले तर पायांच्या इजाही कमी होत्या. पण त्यातच एक काळजीची बाब होती : अपघातात सापडलेल्या पॅन्टपैकी सुमारे २८ टक्के कापड फाटून, शिवण उसवून किंवा अशाच कारणाने निकामी झाल्या होत्या. तुमच्या पॅन्टच्या बाजूच्या शिवणी आतून बघा. एकच शिलाई असेल तर पॅडवर खर्च करण्याआधी ती पॅन्ट परत करता येते का ते विचारा. दुहेरी-तिहेरी शिलाई असेल तर ठेवा.

आता बहिणीचं. मागे बसणाराही त्याच बाजूला पडतो, अनेक गाड्यांवर त्याची सीट थोडी उंच असते, आणि त्याला घसरल्याचं तुमच्यापेक्षा उशिरा कळतं. तेव्हा खुबा तिचाही तितकाच उघडा आहे. पण तिच्यासाठी क्रम वेगळा ठेवा. आयएसआयचं, मापाचं हेल्मेट आधी, कायद्यानेही ते मागच्याला लागतंच. मग घोटा झाकणारे बूट आणि ग्लोव्ह्ज. त्यानंतर कापड धड असलेली पॅन्ट आणि आत पॅडची शॉर्ट्स. ती कधीतरीच येते, त्यामुळे वेगवेगळ्या पॅन्टखाली चालेल अशी शॉर्ट्सच तिला सोयीची. ती तिच्या मापाची घ्या, तुमची देऊ नका, ढिली झाली की पॅड फिरतो. आणि तिला दोन्हीकडे पाय टाकूनच बसवा. एका बाजूला पाय सोडून बसलं की पडताना माणूस पाठीवर किंवा मागच्या अंगावर येतो, आणि बाजूचे पॅड बाजूलाच राहतात.